च्च

कवळीवाल्यांना कुणी कवळीवाले म्हटलेलं खपत नसे. "डेंटल टेक्निशियन म्हणा," असं ते बजावायचे, आणि समोरचा हो हो म्हणून दुसऱ्याच वाक्याला पुन्हा कवळीवाले म्हणायचा. आपणही तेच म्हणू. हा माणूस काही इतका चांगला नव्हता, की त्याच्यासाठी दर वेळी एवढा लांबलचक शब्द उच्चारावा.

त्यांची कामाची जागा म्हणजे दातांच्या दवाखान्याच्या जिन्याखालची एक लांबट खोली. वरच्या मजल्यावर डॉक्टरीणबाई पेशंटच्या हिरड्यांचा ठसा घ्यायच्या आणि खाली पाठवायच्या. कवळीवाले त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचे, साच्यावर मेण चढवायचे आणि मेणात एकेक दात बसवायचे. मग ते मेण जाऊन तिथे गुलाबी ॲक्रेलिक यायचं आणि कवळी पॉलिशवालीकडे जायची. पॉलिशवाली खोलीच्या दुसऱ्या टोकाला फिरत्या ब्रशासमोर बसायची. धूळ उडते म्हणून तोंडाला फडकं बांधायची, पण त्या फडक्याने तिची जीभ कधी अडली नाही. दोघांच्या मध्ये तिसरं एक स्टूल रिकामं असायचं. त्यावर कुणाला बसू देत नसत, साचेसुद्धा ठेवू देत नसत. ते कवळीवाल्यांच्या मुलीचं होतं.

साऱ्या जगाच्या तोंडात दात बसवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या तोंडात मात्र वरच्या बाजूला, सुळ्याच्या लगेच मागे, एक फट होती. तिथला दात कधीचाच गेला होता. "अहो, एक दात. तुमच्याच हातचं काम. बसवून घ्या ना," असं बायको किती वर्षं सांगत होती. कवळीवाले "करू की" म्हणायचे आणि विसरायचे. बरं, फट राहिली तर राहिली, पण तिच्यामुळे एक भानगड झाली होती. नापसंती दाखवायला आपण सगळेच च्च करतो. कवळीवाल्यांच्या च्चला मात्र एक शेपूट होतं. जीभ टाळूवरून सुटली, की हवा त्या फटीतून बारीक शीळ घालत निसटायची. च्च, आणि मागोमाग स्स्. दवाखान्यातली सगळी माणसं तो आवाज ओळखायची. पॉलिशवाली त्याची हुबेहूब नक्कल करायची. शेजारची पोरं जिन्यात तो ऐकला की खेळ टाकून पळायची. घोरणाऱ्याला जसं आपलं घोरणं ऐकू येत नाही, तसा तो फक्त कवळीवाल्यांना ऐकू येत नसे. भात थोडा कच्चा राहिला, च्च. वरून आलेला ठसा नीट नाही, च्च. कुणी आनंदाने काही सांगायला आलं, तर ते सांगून व्हायच्या आत, च्च.

आणि या माणसाला नाद होता ॲनिमेचा. ऐकणाऱ्याला हसू यायचं. पन्नाशी उलटलेला, चष्मा नाकावर ओढलेला माणूस जपानी कार्टून बघतो म्हणजे काय! "कार्टून म्हणू नका," हेही ते बजावायचे.

हा नाद लावला मुलीनं. ती शाळेतून थेट लॅबमध्ये यायची, त्या तिसऱ्या स्टुलावर बसायची आणि प्लास्टरच्या डब्याला मोबाइल टेकवून ॲनिमे लावायची. कवळीवाल्यांचे हात मेणात आणि डोळे अर्धे दातांवर, अर्धे मोबाइलवर. काटेरी केसांचा पोरगा ओरडत डोंगर फोडायचा आणि हे बापलेक एकदम श्वास रोखून धरायचे. त्या वर्षांत हा माणूस सुखी होता, हे मान्य करायला हवं. संध्याकाळी घरी जाताना दोघं रस्त्याने भांडत जायची, की उद्या कोण जिंकणार.

मग त्यांना शेवट ओळखता यायला लागले, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

पहिल्या भागात आई प्रेमाने डोक्यावरून हात फिरवते? ती मरणार. वर्गात नवीन मुलगी येते आणि तिला खिडकीजवळचं बाक मिळतं? तिच्या अंगात काहीतरी शक्ती असणार. खलनायक हसत नाही? त्याचं बालपण वाईट गेलेलं असणार, आणि मरण्याआधी ते आपल्याला पूर्ण एक भाग बघावं लागणार. स्पर्धा सुरू झाली, की नायक उपांत्य फेरीत रक्त ओकणार. कथा रेंगाळली, की सगळे समुद्रावर जाणार. ट्रकखाली कुणी आलं, तर ते दुसऱ्या जगात राजपुत्र होऊन उठणार. कवळीवाले हे सगळं आधीच सांगून टाकायचे. "बाबा, सांगू नका ना," असं पोरगी म्हणायची, दोन्ही कान झाकायची. तेव्हा ते तिचे हात कानांवरून बाजूला करून सांगायचे. तिचा चेहरा पडायचा. तो पडलेला चेहरा बघायला त्यांना आवडायचं. एवढं सरळ सांगितलं म्हणजे पुढचं समजायला सोपं जातं.

"सगळं तेच ते," ते पॉलिशवालीला सांगायचे. "एकाच साच्यातून काढलेलं."

"काका, तुम्ही बोलू नका हं," ती फडक्याआडून म्हणायची. "तुम्ही दात बसवलेली सगळी म्हातारी माणसं बाजारात भेटतात मला. एकसारखी हसतात. परवा एका आजोबांना मी भलत्याच आजोबांची विचारपूस केली."

च्च, असं म्हणून कवळीवाले पुढचा दात मेणात दाबायचे. विनोद त्यांना समजला नाही असं नाही. तो त्यांच्यावर होता, म्हणून तो विनोदच नव्हता.

मुलगी तेव्हा चित्रं काढायला लागली होती. एकदा तिने कार्डाचे तुकडे सारखे कापले, प्रत्येकावर एक घोडा काढला आणि कडेला पिन मारून जाडसर गठ्ठा केला. अंगठ्याने कडा सोडत गेलं, की घोडा टेकडीवरून उड्या मारत यायचा आणि शेवटी एका घरासमोर थांबून मान हलवायचा. किती दिवस ती त्यावर वाकून बसली होती, ते आईला माहीत. तिने गठ्ठा बाबांच्या हातात दिला आणि स्टुलावर बसून त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"शेवट बघू आधी," कवळीवाले म्हणाले आणि त्यांनी गठ्ठा मागून सोडला. घोडा घरापासून निघाला, उलट्या पावलांनी टेकडी चढला आणि नाहीसा झाला.

"च्च," ते म्हणाले. "घरी येणार हे पहिल्याच चित्रात कळतंय. टेकडी काढलीस तिथेच चुकलीस."

गठ्ठा त्यांनी मेणाच्या पट्ट्यांखाली ठेवला. पुढे मेण वितळवायचं गरम पातेलं टेकवायला ते तो वापरत.

मुलगी मोठी झाली, चित्रं शिकायला दूर गेली आणि तिकडेच एका स्टुडिओत लागली. ॲनिमेचंच काम. पण तिथे मुख्य चित्रं मोठे लोक काढतात. हात खाली आहे असं एक चित्र, हात वर आहे असं दुसरं. मधली सगळी, ज्यात हात हळूहळू वर जातो, ती काढायला वेगळी माणसं असतात. ही त्यातली एक. कवळीवाल्यांना हे कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. "सुरुवातही हिची नाही, शेवटही हिचा नाही," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून तिला मधली म्हणायला लागले. एकुलती एक मुलगी, आणि नाव मधली. नवीन माणूस विचारायचा, "मग थोरली आणि धाकटी काय करतात?" या प्रश्नावर कवळीवाले दर वेळी नव्याने खूश व्हायचे.

मधली शेवटची घरी आली होती, तेव्हा तिने एका गाजलेल्या मालिकेतला तिचा तुकडा आणला होता. गर्दीतून एक बाई वळून बघते, बस्स, एवढाच. कवळीवाल्यांनी तो थांबवून थांबवून बघितला.

"च्च. यात तू कुठे आहेस?"

"बाबा, मी दिसायलाच नको. मधल्या चित्रांत काढणारा दिसला, तर काम चुकलं."

"मग बरोबर आहे तुझं काम," कवळीवाले म्हणाले. "तू कुठेच नाहीस."

मधली दुसऱ्या दिवशी गेली. त्यानंतर तिचा फोन यायचा तो आईला. कवळीवाले समोर बसलेले असायचे, आई "हो, बरे आहेत" एवढं म्हणायची आणि फोन घेऊन आत जायची. त्यांना ते लागायचं. फार लागायचं. स्टुलावरची प्लास्टरची धूळ ते रोज स्वतः पुसायचे आणि मनाशी म्हणायचे, की एक दिवस थकून येईल, आपण चुकलो म्हणेल आणि इथे बसेल. दात बसवायला शिकवू. पुन्हा डब्याला मोबाइल टेकवू. त्यांना मुलगी हवी होती, यात खोटं काही नाही. फक्त ती त्यांना हरून आलेली हवी होती.

तोवर त्यांनी वेगळ्या ॲनिमेचा शोध चालवला होता. नेहमीच्या मालिकांना ते आता हात लावत नसत. कुठे विद्यार्थ्यांनी वाळूत काढलेला तुकडा, कुठे पाच भाग एक म्हातारा बसची वाट बघतो आणि बस येतच नाही अशी मालिका, कुठे काचेवर ओल्या रंगात केलेली, ज्यात सगळी पात्रं पावसाने पुसली जातात. भाषा कळत नसली तरी बघायचे. इंटरनेटवर अशा शौकिनांचा एक गट होता. तिथे त्यांच्या शब्दाला वजन होतं, कारण ते कशालाही चांगलं म्हणत नसत. नवीन पोरं बिचारी कुठून कुठून एखादी मालिका हुडकून आणायची आणि कवळीवाले दोन ओळींत तिचा निकाल लावायचे. 'विचित्र आहे, वेगळं नाही.' 'वेड घेऊन पेडगावला जाण्यातला प्रकार.' एका मुलाने तर गटच सोडला. कवळीवाले त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

पण आतून ते कंटाळले होते. वेगळ्याचीही त्यांना सवय झाली होती. म्हातारा बसची वाट बघतोय म्हटल्यावर बस येणार नाही हे त्यांना दुसऱ्याच मिनिटाला समजायचं. आपल्याला आता कशाचंच नवल वाटणार नाही अशी एक भीती त्यांना दुपारच्या वेळी, मेण गरम होता होता, गाठायची.

अशात त्यांना तो लघुपट सापडला. कुठल्याशा छोट्या महोत्सवाच्या पानावर अगदी खाली होता. नाव जपानीत, श्रेयनामावली जपानीत. ती कोण वाचणार? लॅबमध्ये ब्रशाचा आवाज असतो म्हणून त्यांनी कानात इअरफोन घातले आणि दातांचं ताट बाजूला सारलं.

एक बंद दार. एक छोटी मुलगी दारासमोर काहीतरी घेऊन येते. पान, मग शिंपला, मग कागदाचं घर. दाराखाली फट आहे, ती त्यातून वस्तू आत सरकवते आणि वाट बघते. आत अंधार. अंधारातून एक आवाज येतो, आणि मुलीचं एक बोट पुसलं जातं. ती पुन्हा काहीतरी आणते. पुन्हा आवाज. कान पुसला जातो. मग वेणी, मग खांदा. संवाद एकही नाही, संगीत नाही, फक्त तो आवाज. शेवटी मुलीचा फक्त एक हात उरतो, पेन्सिल धरलेला. कवळीवाल्यांना वाटलं, आता हा हात मुलीला पुन्हा काढणार. ते मनात तसं म्हणालेसुद्धा. पण हाताने दार खोडलं. आत स्टुलावर एक छोटासा माणूस बसलेला. त्याच्या पायाशी पान, शिंपला, घर, सगळं जसंच्या तसं, एकाही वस्तूला हात लावलेला नाही. हात त्याच्याकडे थोडा वेळ बघतो, दार पुन्हा काढतो, या वेळी खालच्या फटीशिवाय, आणि निघून जातो. आतून आवाज येतो. पुन्हा येतो. येत राहतो.

कवळीवाले तसेच बसून राहिले. त्यांना शेवट ओळखता आला नव्हता. किती वर्षांनी! डोळ्यांत पाणी आलं म्हणून त्यांनी चष्मा काढला, आणि पॉलिशवालीने विचारलं तेव्हा प्लास्टर गेलं म्हणून सांगितलं.

त्या आठवड्यात त्यांनी तो लघुपट कितीदा बघितला, त्याचा हिशोब नाही. गटावर त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात मोठं लिखाण केलं. 'दाराआडचा माणूस एकही शब्द बोलत नाही, आणि तरी इतका क्षुद्र, इतका कोत्या मनाचा माणूस मी पडद्यावर बघितला नाही,' असं लिहिलं. 'ज्याने हा काढला, त्याने असा माणूस फार जवळून बघितला असणार. त्या कलाकाराबद्दल मला वाईट वाटतं आणि आदरही वाटतो.' गटातली पोरं चाट पडली. म्हाताऱ्याला काहीतरी आवडलं!

घरी बायकोला त्यांनी जेवताना सगळी गोष्ट सांगितली, हातवारे करून. बायको घरी कपडे दुरुस्तीचं काम करायची. बाह्या आखूड करणं, चेन बदलणं, असलं. हल्ली कामं कमी झालेली दिसत होती, शिवणयंत्रावर झाकण असायचं, दांडीवर लोकांचे कपडे नसायचे. कवळीवाल्यांनी ते बघितलं होतं, पण विचारलं नव्हतं. ती खाली मान घालून ऐकत होती.

"आणि तो आतला माणूस?" तिने विचारलं. "त्याचं काय होतं शेवटी?"

"काय होणार? बसतो तसाच. लायकीच ती त्याची."

"असं," बायको म्हणाली. मग त्यांना भात वाढता वाढता, "रविवारी मधली येतेय."

कवळीवाल्यांचा घास हातात राहिला. दुसऱ्याच क्षणी त्यांच्या डोक्यात सगळा बेत तयार झाला. तिला हा लघुपट दाखवायचा. काही न बोलता. खरं काम म्हणजे काय ते तिचं तिला दिसेल. तू जन्मभर लोकांचे हात वर-खाली करत बसलीस, आणि कुणीतरी हे केलंय. मग ती रडेल कदाचित. मग आपण मायेने म्हणू, ये, आपल्या स्टुलावर बस. एवढ्या मोठ्या मनाने आपण बोलू शकू, याचं त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

रविवारी दुपारी त्यांनी पॉलिशवालीलाही बोलावून घेतलं. कौतुकाला साक्षीदार लागतो, आणि पाणउतारा करायचा असेल तर दोन लागतात. चहा झाला. मधली आईशेजारी दिवाणावर बसली होती, केस कापलेले, बोटांना शाईचे डाग, पायाशी एकच छोटी बॅग. बाबांशी ती नीट बोलली, प्रवास कसा झाला ते सांगितलं, त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. कवळीवाल्यांना ती थकलेली वाटली. त्यांना बरं वाटलं.

"मधले, तुला एक दाखवतो," ते म्हणाले आणि त्यांनी टीव्ही लावला. "तुझ्याच धंद्यातलं आहे. म्हणजे, तुझ्या धंद्यातल्या मोठ्या लोकांचं."

पडद्यावर दार आलं. मधलीने आईकडे बघितलं. आईने तिचा हात हातात घेतला आणि सोडला नाही.

मुलीने पान आत सरकवलं. आतून आवाज आला. आज इअरफोन नव्हते. टीव्हीच्या स्पीकरमधून तो पूर्ण खोलीभर आला, थेट भिंतीपर्यंत.

पॉलिशवाली फस्सकन हसली. "अगं बाई! काका, हा तर..." ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिला मधलीचा चेहरा दिसला. तिचं हसू जागच्या जागी विरलं. तिने चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

"हसतेस काय?" कवळीवाले चिडले. त्यांनी रिमोट उचलून चित्र थांबवलं. खरं तर त्यांना थांबवायचंच होतं. ही जागा समजावून सांगायची हौस त्यांना आठवडाभर छळत होती. "यात हसण्यासारखं काही नाही. हाच तर जीव आहे सगळ्याचा. मधले, तू ऐकलास का हा आवाज?"

"ऐकलाय," मधली म्हणाली.

"नुसता ऐकून उपयोग नाही. ओळखता यायला हवा. तुम्हाला वाटेल, मशीनवर केलाय. नाही. हे खरं तोंड आहे, माझी पैज. माझा जन्म गेला तोंडांत."

"काका, पुरे ना आता," पॉलिशवाली म्हणाली. "पुढे बघू या."

"थांब गं! तुलाही शिकायला मिळेल." ते खुर्चीच्या कडेवर सरकले. असे ते फार दिवसांत खुलले नव्हते. "साधं च्च असं नसतं. याच्या शेवटी शीळ आहे. ती कुठून येते? पुढचे दात नसते, तर फुस्स अशी हवा आली असती. सगळेच नसते, तर शीळ वाजलीच नसती. ही हवा बाजूने निसटते, अरुंद जागेतून. म्हणजे काय, तर वरचा जबडा. सुळा शाबूत आहे, आणि त्याच्या मागचा दात गेलेला आहे. कालपरवा नाही, बरीच वर्षं झाली, कारण शेजारचे दात फटीकडे कललेत, त्याशिवाय इतकी बारीक शीळ येणार नाही. एक दात बसवला असता तर आवाज गेला असता. पण माणूस तसलाच असणार, आळशी, मीच शहाणा. घरच्यांनी सांगून सांगून हात टेकले असतील."

बायको त्यांच्याकडे बघत होती, शांतपणे, सुईत दोरा ओवताना बघायची तशी.

"समजलं नाही ना?" कवळीवाले म्हणाले. "करूनच दाखवतो. जीभ इथे टाळूला लावायची, आणि सोडायची. बघा, असा येतो."

आणि त्यांनी करून दाखवला.

च्च. स्स्.

तो पडद्यातून आलेल्या आवाजासारखा नव्हता. तो तोच होता. ऐकायचं म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तो ऐकला. त्यांची जीभ आपोआप सरकत सुळ्याच्या मागे गेली आणि तिथल्या फटीत जाऊन बसली. कवळीवाल्यांची दातखीळ बसली. पडद्यावर ती मुलगी एक बोट नसलेला हात पुढे करून थांबलेली होती. तिच्या फ्रॉकला कोपरापाशी ठिगळ होतं, मधलीच्या शाळेच्या फ्रॉकला असायचं तसं. इतक्या वेळा बघूनही ते त्यांना दिसलं नव्हतं.

"हे कुणी काढलं?" त्यांनी विचारलं. आवाज भलताच लहान आला.

"मी," मधली म्हणाली. "स्टुडिओतले दोघं बरोबर होते. त्यांनी दार काढलं आणि आतला अंधार. मधली चित्रं सगळी माझी. बोट जातं ती, कान जातो ती."

"आणि आवाज?"

"मी दिला पाठवून," बायको म्हणाली. "मोबाइल पाण्याच्या तांब्यामागे ठेवला होता. मला वाटलं, चार-पाच दिवस लागतील. एकाच जेवणात इतके मिळाले, की तिला निवडावे लागले."

पॉलिशवाली उठली. "मी येते," असं पुटपुटून तिने चपला घातल्या न घातल्या आणि जिना उतरून गेली. उद्या दवाखान्यात कुणालाच काही सांगायचं नाही असं तिने मनाशी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते टिकलं.

कवळीवाले मधलीकडे बघत होते. राग येईल असं त्यांना वाटत होतं, पण तो येत नव्हता. "म्हणजे मला दाखवायला केलास तू हा," ते म्हणाले. "माझी शोभा करायला."

"नाही बाबा. तुम्हाला मी सांगणारच नव्हते. तुम्हीच मला दाखवलात." तिने डोळे पुसले. तिला रडू येत होतं आणि ते तिला लपवताही येत नव्हतं. "तुम्ही लिहिलेलं वाचलं मी. सगळं. मला आयुष्यात कुणी इतकं चांगलं म्हटलं नव्हतं. वाटलं, येऊन बघावं. तुम्ही माझ्यासमोर फक्त गप्प बसून बघितला असता ना, शेवटपर्यंत, तरी मी राहिले असते. मी तसं आईला म्हणाले होते."

"मग राहा ना," कवळीवाले म्हणाले. "आता बघू. मी काही बोलत नाही."

मधलीने नकारार्थी मान हलवली. ती उठली तशी आईही उठली. आतल्या खोलीतून तिने एक बॅग आणली. जुनी, पट्टा नव्याने शिवलेली. कवळीवाल्यांनी बॅगेकडे बघितलं, मग शिवणयंत्रावरच्या झाकणाकडे, मग रिकाम्या दांडीकडे. लोकांचे कपडे कधीच परत गेले होते. शेवट समोर टांगलेला होता आणि जगातल्या सगळ्या गोष्टींचे शेवट ओळखणाऱ्या या माणसाला तो दिसला नव्हता.

"तू कुठे?"

"तिच्याकडे," बायको म्हणाली. "तिला मदत होईल. भात झाकून ठेवलाय. आज थोडा जास्त शिजलाय." मग तिने कपाटाच्या वरच्या खणातून काहीतरी काढून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं. लॅबमधून तिने कधीतरी उचलून आणलेला कार्डांचा तो गठ्ठा होता. खालच्या बाजूला पातेल्याचा काळा गोल उमटलेला. "हे तुमच्याकडेच राहू दे. ती नको म्हणते."

कवळीवाल्यांनी तो हातात घेतला. अंगठा आपोआप मागच्या कडेला गेला होता. त्यांनी तो घाईने उचलला आणि पुढून लावला. घोडा टेकडीवरून निघाला. पण मधली कार्डं उष्णतेने एकमेकांना चिकटली होती. घोडा टेकडीवर होता तो एकदम घरासमोर होता. येताना कुठे दिसलाच नाही.

दोघी दारात चपला घालत होत्या. कवळीवाले उठून उभे राहिले. त्यांना खूप काही म्हणायचं होतं. थांबा म्हणायचं होतं, चुकलं म्हणायचं होतं, घोडा सुंदर आहे म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं. जीभ टाळूला लागली आणि सुटली.

च्च.

मधलीचा हात दाराच्या कडीवर थांबला. बायकोने वळून बघितलं.

"ऐकलंत?" तिने विचारलं.

"ऐकलं," कवळीवाले म्हणाले.

तिने दार ओढून घेतलं.